मुलीच्या मामांनी काय काय करायचं

"मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावं," असा माइकवरून पुकारा होतो आणि नेमके त्याच वेळी मामा खाली पंगतीची व्यवस्था बघत असतात. दर दुसऱ्या लग्नात हेच. चालायची असतात वीस-पंचवीस पावलं, पण त्या अर्ध्या तासात मामांकडे दुसरं कुठलंही काम देऊ नये.

खरी सुरुवात अष्टपुत्रीपासून. अष्टपुत्री म्हणजे गौरीहर पुजताना मुलगी नेसते ती पिवळी साडी. बहुतेक घरांत ती मामाकडून येते. खरेदीला भाचीला सोबत न्या. लिंबाचा पिवळा वेगळा आणि हळदीचा वेगळा, आणि फोनवरच्या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. नऊवारी शिवून घ्यायची असेल तर लग्नसराईत शिंप्याला किमान तीन आठवडे द्या. साडी आली की ती नेसून मुलीला एकदा पाटावर मांडी घालून बसायला सांगा. उभ्या मापाने शिवलेला काष्टा बसताना ताणला जातो आणि ऐन गौरीहरापुढे उसवतो. सहावारी असेल तर फॉल-पिको आणि ब्लाउज, एवढंच. बहिणीची साडी, मेहुण्यांचा आहेर हे ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे.

सख्खा मामा नसेल तर आईचा चुलत किंवा मावसभाऊ, नाहीतर मामेभाऊ उभा राहतो. मानलेला मामाही चालतो. अडचण होते ती मामा तीन असले की. कोण आणणार, अंतरपाट कोण धरणार, हे आदल्या रात्रीच बहिणीने सांगून टाकावं. मांडवात ठरवायला गेलं की एक मामा हमखास रुसतो.

मुहूर्ताबद्दल गुरुजींना आधीच विचारा. मुहूर्ताच्या मिनिटाला अंतरपाट दूर व्हावा अशी जुनी रीत, म्हणजे मंगलाष्टकं त्याआधी सुरू होणार. काही जण मात्र मुहूर्तावर म्हणायला सुरुवात करतात. मुहूर्त १२:१७ चा असेल तर पावणेबाराला मामा गौरीहराजवळ हवेत, चपला काढून. पूजेला बसलेली मुलगी अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत असते. तिला घाईने उठवू नका. आधी पाय मोकळे करू द्या, मुंग्या आलेल्या असतात.

आणताना तिच्या बाजूने चाला आणि कोपराजवळ आधार द्या. तिच्या डोळ्यांपुढे मुंडावळ्या, हातात हार, मान खाली. पायरी तिला दिसत नाही. "आता पायरी," असं हळू सांगत राहा. निऱ्या मामींनी उचलून धराव्यात. फोटोवाले समोरून उलटे चालतात, त्यांच्यासाठी थांबू नका. काही घरांत मामा भाचीला उचलून आणतात. कंबर दुखणाऱ्या मामांनी त्या फंदात पडू नये. बोहल्यावर तांदळाच्या राशीवर उभं करताना आधी एक पाऊल सपाट टेकू द्या, मग दुसरं. तांदूळ पायाखाली सरकतात.

आता अंतरपाट. कुंकवाने स्वस्तिक काढलेला पांढरा कपडा दोघांनी दोन टोकांना धरायचा. वरची कड दोघांतल्या उंच व्यक्तीच्या डोळ्यांच्या वर हवी. हौशी आत्या-मावश्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार असतील तर दहा-बारा मिनिटं सहज जातात आणि हात भरून येतात. कपड्याचं टोक मुठीभोवती एक वेढा देऊन धरा, कोपर अंगाला टेकवा. करवलीच्या हातातला दिवा कपड्यापासून हातभर लांब आहे ना, ते बघा. "सावधान" प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येतं, त्यामुळे तो शब्द ऐकून अंतरपाट सोडला तर फजिती. गुरुजींच्या हाताकडे लक्ष ठेवा. दूर करताना खाली टाकायचा नाही, एका बाजूला ओढून घ्यायचा.

हार घालताना नवऱ्या मुलाला मित्र उचलतात, मग मुलीकडचेही चेव येऊन तिला उचलायला धावतात. मामा मागेच उभे असतात, त्यांनी तिथेच नाही म्हणावं. नऊवारीत उचललेली मुलगी घसरते.

लाजाहोमात लाह्या देणं आणि कानपिळी, म्हणजे नवऱ्या मुलाचा कान पिळणं, ही कामं मुलीच्या भावाची. भाऊ नसेल तर मामांनी आपल्या मुलाला तयार ठेवावं, आणि त्याने तोवर जेवून घेतलं तरी हरकत नाही. मुलीचे आईवडील नसतील तर कन्यादानाला मामा-मामी बसतात. तसं असेल तर गुरुजींना चार दिवस आधी कळवा, आणि मुलीला बोहल्यावर आणायला दुसरा मामा नेमा.