मॉडेल इंजिनासाठी अचूक रंग निवडताना

रंगाची बाटली विकत घेण्यापूर्वी आपण कोणत्या रेल्वे इंजिनाचे मॉडेल आणि त्याच्या आयुष्यातले कोणते वर्ष रंगवणार आहोत, हे ठरवावे. जर्मनीच्या २१८ मालिकेतील डिझेल इंजिनांचे उदाहरण बोलके आहे. ती आधी गडद लाल (आरएएल ३००४; आरएएल म्हणजे रंगांना प्रमाणित क्रमांक देणारी जर्मन पद्धत) रंगात आली, १९७४ पासूनच्या रंगयोजनेनुसार त्यांना निळा-बेज रंग मिळाला, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ओरिएंट लाल (आरएएल ३०३१) आणि पुढे ट्रॅफिक लाल (आरएएल ३०२०). एकाच मालिकेला तीन वेगवेगळे लाल मिळाल्यामुळे ‘लाल इंजिन’ एवढ्या वर्णनावर रंग निवडता येत नाही.

वर्ष ठरले की पुरावा गोळा करावा. रेल्वेने किंवा रंग उत्पादकाने जपून ठेवलेला रंगाचा नमुना (कार्ड) हा सर्वांत भरवशाचा पुरावा होय, मात्र तो अंधारात ठेवलेला असावा. जुन्या इंजिनावरून निघालेला रंगाचा पोपडा मिळाला तर त्याचा वरचा, उन्हाने पांढुरकलेला थर पाहून निष्कर्ष काढू नये. तो हलक्या हाताने घासून पाण्याने ओला केल्यावर खालची मूळ छटा दिसते. छायाचित्रांबाबत तर मी संशयीच आहे. जुन्या रंगीत फिल्मचे रंग कालांतराने उडतात किंवा एका बाजूला झुकतात, सायंकाळच्या उन्हात सगळेच तांबूस दिसते, आणि त्यावर आपल्या स्क्रीनची स्वतःची छटा चढते. म्हणून छायाचित्रात शेजारी दिसणारी ओळखीची वस्तू, उदाहरणार्थ पांढरे अक्षर किंवा रुळाखालची खडी, योग्य रंगाची दिसते का, ते आधी पाहावे.

इतके करून अचूक छटा हाती आली, तरी ती जशीच्या तशी मॉडेलवर चढवणे बहुधा चुकीचे ठरते, आणि हाच या कामातला सर्वांत रोचक भाग आहे. खरे इंजिन आपण उघड्या आकाशाखाली पाहतो, तर १:८७ प्रमाणातले मॉडेल खोलीतल्या त्या मानाने कितीतरी मंद प्रकाशात. त्यामुळे गडद रंग आणखी काळवंडतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा ब्रन्सविक हिरवा मुळातच काळ्याच्या इतका जवळ आहे की मॉडेलवर त्यातला हिरवेपणा पूर्ण हरवतो. अशा रंगात थोडा पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळून तो उजळ करावा. मिश्रण थेंबाथेंबाने वाढवावे आणि थेंब मोजून लिहून ठेवावेत, कारण गाडीच्या दुसऱ्या डब्यासाठी तेच मिश्रण पुन्हा बनवावे लागणार असते. वाफेच्या इंजिनालाही शुद्ध काळा देऊ नये. अगदी गडद राखाडी दिला तर रिव्हेट आणि पाइप उठून दिसतात.

प्रकाशाचा दुसरा फसवा खेळ असा की एका दिव्याखाली जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या दिव्याखाली जुळत नाहीत. मी एकदा पिवळ्या बल्बखाली जुळवलेला राखाडी रंग सकाळी खिडकीपाशी चक्क हिरवट निघाला होता आणि मॉडेलचे ते बाहेरचे कवच पुन्हा खरवडावे लागले. तेव्हापासून ज्या दिव्यांखाली मॉडेल धावणार आहे, त्यांच्याखालीच मी अंतिम निर्णय घेतो.

चाचणी टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर घ्यावी. त्यावर इंजिनाला द्यायचे तेच अस्तर द्यावे, कारण राखाडी अस्तरावरचा लाल आणि पांढऱ्या अस्तरावरचा लाल यांत डोळ्याला सहज दिसेल इतका फरक पडतो; पिवळ्याच्या बाबतीत तो आणखी ठळक असतो. रंग पूर्ण वाळू द्यावा. मग तुकड्याच्या अर्ध्या भागावर चकचकीत आणि उरलेल्यावर मॅट वॉर्निश मारून पाहावे: चकचकीत बाजू गडद व भरदार दिसते, मॅट बाजू फिकट. डिकल (अक्षरे-चिन्हांचे पातळ छापील चिकटचित्र) चिकटवण्यासाठी बहुधा आधी चकचकीत थर लागतो, पण शेवटी वर मॅटच येणार असेल तर छटेची पारख मॅट बाजूवरूनच करावी. तुकडा हातात धरून नव्हे, तर रुळावर ठेवून, नेहमी उभे राहतो तेवढ्या अंतरावरून पाहावा.