स्टेक चिवट का होतो? मटणाच्या सवयी आणि तव्यावरच्या चुका

मटण चिवट लागलं की कुकरला आणखी दोन शिट्ट्या द्यायच्या, हे आपल्या हातात बसलेलं आहे. स्टेक म्हणजे तव्यावर थोडाच वेळ भाजायचा मांसाचा जाड काप. त्याला तोच न्याय लावला की तो हमखास बिघडतो. मांडी, खांदा, नळी यांच्या मांसात कोलॅजन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ते पाण्यात आणि वाफेत बराच वेळ शिजून विरघळतं, म्हणून रस्सा दाट होतो आणि मांस सुटं होतं. रिबआय, स्ट्रिपलॉइन, टेंडरलॉइन हे पाठीच्या कण्यालगतचे भाग. तिथल्या स्नायूंना मेहनत कमी, त्यामुळे विरघळण्यासारखं कोलॅजनही कमी. मांस आतून 65 अंशांच्या (सगळे अंश सेल्सिअस) पुढे गेलं की तंतू आकसून पाणी पिळून टाकतात. म्हणजे जास्त शिजवाल तितका स्टेक कोरडा.

खाटकाकडेच होणारी चूक

बैल-वळूंच्या कत्तलीवरही 2015पासून बंदी आल्याने महाराष्ट्रात स्टेकसाठी मिळतो तो म्हशीचा अंडरकट, म्हणजेच टेंडरलॉइन. त्यात चरबी फार कमी असते. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी चरबीच्या बारीक रेषा पसरलेला रिबआय घ्यावा. तो थोड्याफार चुका पोटात घालतो, अंडरकट घालत नाही.

तुकडा दोन बोटं जाड मागा, 3 ते 4 सेंटीमीटर. एक सेंटीमीटरचा काप बाहेरून तांबूस होईपर्यंत आतून पार शिजून जातो. तुकडा ठोकूनही घेऊ नका. अख्ख्या मांसावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात. ठोकताना किंवा सुयांनी टोचताना ते आत ढकलले जातात, मग असा तुकडा आतून कमी शिजवून खाणं धोक्याचं.

आणि इथे ‘ताजं ते उत्तम’ हा नियमही उलटा पडतो. सकाळी कापलेल्या जनावराचं मांस काही तासांत ताठरतं आणि त्याच दिवशी भाजलं तर चामड्यासारखं लागतं. फ्रिजमध्ये 4 अंशांच्या खाली दोन-तीन दिवस ठेवलं की ते सैल पडतं.

मीठ, वाटण आणि पाणी

300 ग्रॅमच्या तुकड्याला अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त बारीक मीठ, म्हणजे 3 ते 4 ग्रॅम. प्रमाणापेक्षा वेळ जास्त चुकते. मीठ लावून दहा-वीस मिनिटांनी तुकडा तव्यावर टाकणं ही सर्वांत वाईट वेळ, कारण तेव्हा आतलं पाणी वर येऊन साचलेलं असतं. एक तर मीठ लावून लगेच भाजा, नाहीतर किमान 45 मिनिटं थांबा. तोवर ते खारं पाणी पुन्हा आत शोषलं जातं. रात्रभर जाळीवर, फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर उत्तमच, पृष्ठभाग छान सुकतो.

आलं-लसणाचं वाटण, दही, हळद यांना इथे काम नाही. ओलं वाटण आधी वाफ धरतं आणि मग करपतं. पपई लावली तर वरचा थर लिबलिबीत होतो आणि आतला भाग तसाच राहतो. मिरपूडही भाजून झाल्यावर घातलेली बरी.

तव्यावर टाकण्याआधी दोन्ही बाजू किचन टॉवेलने दाबून कोरड्या करा. यात कंजुषी नको. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस तांबूस थर धरायला साधारण 140 अंश तरी लागतात. करडा, उकडल्यासारखा स्टेक होतो तो बहुतेक वेळा याच पाण्यामुळे.

तवा

नॉनस्टिक बाजूला ठेवा. रिकामं तापवलं तर ते बघता बघता 260 अंशांपलीकडे जातं आणि लेप खराब होऊ लागतो. बिडाचं, काठ असलेलं जाड पॅन घ्या आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापू द्या. (घरातला डोशाचा तवा यासाठी पळवू नका. पुढचे डोसे चिकटले तर घरात ऐकून घ्यावं लागेल.) एक चमचा रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घाला, त्यावर धुराची पहिली रेघ दिसली की तुकडा सोडा. साजूक तूपही चालतं. बटर सुरुवातीला नको, त्यातला दुधाचा अंश करपतो. शेवटच्या मिनिटात 20 ग्रॅम बटर आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या टाकून ते चमच्याने स्टेकवर ओतत राहा. खिडकी आधीच उघडा.

टाकताच चुर्र आवाज आला नाही तर तुकडा लगेच काढा आणि पॅन पुन्हा तापवा. 25 सेंटीमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी एकच तुकडा. दोन टाकले की पॅन निवतो आणि पाणी सुटतं. झाकण तर अजिबात नको.

‘एकदाच उलटा’ हा सल्ला सगळीकडे सापडतो, पण तो पाळण्याची गरज नाही. दर 45 सेकंदांनी उलटलं तर आतून जास्त एकसारखं शिजतं. मोठ्या आचेने मांसाची छिद्रं बंद होऊन रस आत अडकतो ही समजूतही खरी नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 19व्या शतकात ती रूढ केली. खरपूस थराने चव येते, रस अडत नाही. उलथन्याने दाबलं तर मात्र रस नक्की बाहेर येतो.

कधी काढायचा

3 सेंटीमीटरच्या तुकड्याला साधारण 6 ते 8 मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. सुईचा थर्मामीटर बाजूने खुपसून टोक मधोमध ठेवा. वरून खुपसलं तर टोक पॅनच्या जवळ जातं आणि आकडा फसवतो. मीडियम रेअरला (आतून लालसर) 54 ते 57 अंश, मीडियमला (आतून गुलाबी) 60 ते 63. खाली उतरवल्यावरही आतलं तापमान 3 ते 5 अंश चढतं, म्हणून तितकं आधी काढा. अंडरकट 60च्या पुढे नेला की सुकायला लागतो. अमेरिकी कृषी खात्याची सुरक्षित शिफारस मात्र 63 अंश आणि त्यावर तीन मिनिटं विसावा अशी आहे. गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्ध यांच्यासाठी तिच्या खाली जाऊ नका. ताटात दिसणारं लाल पाणी रक्त नसतं, मायोग्लोबिन या प्रथिनाचा तो रंग.

जाळीवर सात-आठ मिनिटं ठेवा. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं तर वाफेने खरपूस थर मऊ पडतो. मग धागे कुठल्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवे काप करा.

कापल्यावर आत कच्चं निघालं तर काप पुन्हा गरम पॅनवर, प्रत्येक बाजूला 20 सेकंद, एवढंच पुरतं. जास्त शिजलेला स्टेक मात्र परत मऊ होत नाही. त्याचे पातळ उभे काप करा आणि कांदा, हिरवी मिरची, थोडं व्हिनेगर घालून गोव्याच्या चिली फ्रायसारखे झटकन परता.