मंडपात बेस वाजवायचा तर सामान काय घ्यावं

भाऊ, जालना-बीड-परभणीकडं लग्नाच्या, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं असंल तर पहिला बेस (म्हणजे जाड सुरांची बेस गिटार) चार तारांचाच घ्या, ३४ इंच स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच. पाच तारांच्या बेसची सगळ्यात जाड ‘B’ सुराची तार ३१ हर्ट्झच्या आसपास वाजते, मंडपातल्या बऱ्याच स्पीकरांतून ती नीट निघतच नाही. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असंल तर ९ व्होल्टची जास्तीची बॅटरी ठेवा अन् वाजवून झालं की बेसमधली केबल काढा, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

मोठा अ‍ॅम्प नंतर, आधी डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालंल असा करणारी छोटी पेटी) घ्या, सरळ मिक्सरला जाता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जनरेटरला अर्थिंग नसलं अन् हात बेसच्या तारांवर असताना ओठ माईकला लागले की करंट बसू शकतो, मला एकदा असा बसलाय की हात तासभर बधिर होता, म्हणून टेस्टर खिशात ठेवा, तारांना अन् माईकच्या जाळीला लावून बघा, दिवा लागला तर अर्थिंग होईपर्यंत वाजवायचंच नाही, आयोजक कितीबी घाई करू द्या.

वाजवताना कान किकवर (ड्रमसेटचा पायानं वाजवायचा मोठा ड्रम), ढोलकीचं गाणं असंल तर तिच्या जाड ठोक्यावर. सूर कमी लावा पण वेळेवर लावा.