व्यंगचित्रांची रेघ छपाईत राखाडी आणि दातेरी येत असेल तर

गृहनिर्माण संस्थांच्या नियमांवरील रुक्ष पुस्तकात व्यंगचित्रे घातली; पण पडद्यावर ठसठशीत दिसणारी रेघ नमुनाप्रतीत राखाडी उमटे आणि सभेत डुलक्या घेणाऱ्या सचिवांच्या मिशांचा धुरकट पट्टा होई. कॉन्ट्रास्ट वाढवला, कागद बदलला. वैतागाखेरीज काही हाती लागले नाही. राखाडी छटा छपाईत बारीक ठिपक्यांत फुटते, हे खरे कारण होते. त्यामुळे शाईचे मूळ चित्र १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांसह, स्कॅन केले, लेव्हल्सने (गडद-फिकट पातळ्या बदलणाऱ्या साधनाने) कागदाचा पिवळटपणा काढला, छापायच्या मापाला १२०० डीपीआय कायम ठेवले, मग थ्रेशोल्ड (काळे आणि पांढरे यांची सीमा) लावून एक-बिट, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, बिटमॅप केला आणि रेघेच्या कडा धूसर करणारा जेपीजी टाळून टिफ फाइलमध्ये जतन केला. (३०० डीपीआय छायाचित्रांना पुरते, रेषेला नाही.) मांडणीत तो शंभर टक्के मापात, केवळ काळ्या शाईत बसवला आणि पीडीएफ काढताना एकरंगी चित्रांचे रिझोल्यूशन घटवणारा पर्याय बंद केला.