शर्मिष्ठेतील तरुण अवशेष आणि त्याचा गाभा: क्ष-किरण अभ्यास कसा करावा

पुण्यात राहून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एखाद्या तरुण सुपरनोव्हा अवशेषाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटानंतर पसरत राहिलेल्या द्रव्याचा, अभ्यास करायचा असेल, तर शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए निवडावा. तो सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्या विस्ताराच्या वेगावरून स्फोट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसला असावा, असे निघते. विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाचे साहाय्य केंद्र असल्याने तिकडे पाहण्याचा मोह होतो. परंतु पाच आर्कमिनिटांच्या (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) या कवचातून मधला बिंदू, म्हणजे स्फोटानंतर गाभ्यात उरलेला न्यूट्रॉन तारा, वेगळा काढायला त्या उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीची सुमारे दोन आर्कमिनिटांची विभेदनक्षमता पुरत नाही. येथे नासाची चंद्रा ही क्ष-किरण अवकाश दुर्बीणच हवी, आणि तिची जुनी निरीक्षणे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात.

२००४ मधील दहा लाख सेकंदांची मालिका नंतर पाहावी. आरंभी जानेवारी २००० मधील ५० हजार सेकंदांचे एक निरीक्षण पुरे. चाओ या सॉफ्टवेअरने त्यावर पुनर्प्रक्रिया करून ऊर्जेनुसार वेगवेगळ्या प्रतिमा कराव्यात: सिलिकॉनसाठी १.८ ते २ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, लोहासाठी ६.४ ते ६.९ आणि रेषाविरहित (कोणत्याही मूलद्रव्याच्या वर्णरेषा नसलेल्या) प्रारणासाठी ४.२ ते ६. आग्नेय भागात लोह सिलिकॉनच्याही बाहेर गेलेले दिसेल. ताऱ्याच्या पोटात खोलवर तयार झालेले द्रव्य बाहेर कसे फेकले गेले, याचा विचार तेथून सुरू होतो.

गाभ्याचे काम अधिक नाजूक आहे. विस्तारकेंद्रापासून सुमारे सात आर्कसेकंद दक्षिणेकडे असलेल्या या बिंदूभोवती दोन आर्कसेकंद त्रिज्येचे वर्तुळ घ्यावे. पार्श्वभूमी मात्र अवशेषाबाहेरच्या मोकळ्या आकाशातून कदापि घेऊ नये, कारण कवचाचे प्रारण या बिंदूच्या पुढे-मागेही पसरलेले आहे; ती बिंदूला लागूनच्या कड्यातून घ्यावी आणि कड्यात ठळक तंतू येत असल्यास तेवढा भाग वगळावा. दोन-तीन निरनिराळी कडी घेऊन उत्तर किती हलते ते पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ३.२ सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये दोन फोटॉन एकाच ठिकाणी पडले, तर ते अधिक ऊर्जेचा एक फोटॉन म्हणून नोंदले जातात. त्याची दुरुस्ती वर्णपटाला लावायच्या प्रतिमानात समाविष्ट करावी लागते.

वर्णपटाला साधे कृष्णवस्तू प्रतिमान (ज्यात प्रारण केवळ तापमानावरून ठरते) बसते खरे, पण त्यातून येणारी त्रिज्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या मानाने फारच लहान असते. पृष्ठभागावर एखादाच तप्त डाग असता, तर फिरताना स्पंदने दिसण्याची अपेक्षा होती, आणि ती सापडलेली नाहीत. २००९ मध्ये विन हो आणि क्रेग हाइन्के या खगोलशास्त्रज्ञांनी कार्बनच्या वातावरणाचे प्रतिमान लावले, तेव्हा संपूर्ण ताऱ्याला शोभेल अशी त्रिज्या मिळाली. म्हणून दोन्ही प्रतिमाने लावून त्रिज्यांची तुलना करावी.

हा तारा काही वर्षांतच मोजता येण्याइतका थंड होत असल्याचा दावा पडताळायचा झाल्यास अधिक सावध राहावे. चंद्रा दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढील गाळणीवर वर्षानुवर्षे थर साचत असल्याने कमी ऊर्जेचे फोटॉन घटतात, आणि अंशशोधनाच्या (उपकरणाची मापे प्रमाणित करण्याच्या) जुन्या फायली वापरल्यास ही घट तापमानातील घटीसारखीच भासते.