रेल्वे फाटकावरचा अपघात: कायद्याने चूक कोणाची, हे ठरवायचे कसे

फाटकावर रेल्वेने गाडी उडवली की दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "रुळावर गेलात ना, मग चूक तुमचीच." दुसरा, "फाटक उघडं होतं, म्हणजे रेल्वेला पैसे द्यावेच लागणार." दोन्ही अर्धवट आहेत, आणि दुसऱ्याने नुकसान जास्त होते, कारण त्याच्या भरवशावर माणूस पुरावाच गोळा करत नाही.

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन किंवा जखमांचा अहवाल, गाडीची कागदपत्रे आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती हातात आहेत असे धरून चालतो. एफआयआर स्थानिक ठाण्यात झाला की लोहमार्ग पोलिसांकडे, याने दोष कोणाचा यात काही फरक पडत नाही.

आधी फाटक कोणते ते बघा

मानवरहित असेल तर बहुतेक ओझे वाहनचालकावर येते. मोटार वाहन कायद्याचे कलम १३१ सांगते की गाडी थांबवायची, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजू बघायच्या आणि त्याने गाडी पार करून द्यायची. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६१ नुसार न थांबता किंवा रेल्वेगाडी येताना दिसत असूनही रूळ ओलांडणे हा निष्काळजीपणा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मात्र ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली, त्यामुळे ही दोन कलमे आता मुख्यतः जुन्या दाव्यांत आणि नॅरोगेजसारख्या मार्गांवर लागतात. गेटमन असलेल्या फाटकाच्या खटल्यात विमा कंपनीचा वकील कलम १३१ वाचू लागला तर तिथेच हरकत घ्या.

गेटमन असलेल्या फाटकांचे दोन प्रकार आहेत: सिग्नलशी जोडलेले, म्हणजे इंटरलॉक्ड, आणि न जोडलेले. आपले फाटक यांपैकी कोणते हे कळल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न नीट विचारता येत नाही. त्यासाठी फाटक क्रमांक आणि खांबावरचा किलोमीटर क्रमांक पंचनाम्यात आलाच पाहिजे.

फाटक उघडे होते का, आणि असले तर का

खटले इथेच फसतात. "आम्ही पाहिलं, गेट उघडं होतं" असे सांगणारे पाच साक्षीदार आणले की काम झाले, असे समजू नका. उलटतपासणीत "धडकेआधी पाहिलं की नंतर?" एवढ्या एका प्रश्नात त्यातले तीन गळतात. अपघातानंतर बार खाली करायला काही सेकंद पुरतात.

आधी वस्तू काय सांगतात ते बघा. बाहेरून वाहनाने बार तोडला असेल तर तुकडे रुळांच्या बाजूला पडतात आणि वाहनाच्या पुढच्या भागावर बारचा रंग किंवा घासल्याची खूण राहते. बार शाबूत आणि गाडीवर खूण नाही, तर फाटक उघडे असण्याची शक्यता बळावते, पण सिद्ध होत नाही. बार पडायच्या आत गाडी शिरली आणि मध्येच अडकली, तरी चित्र हेच दिसते. बार तोडून शिरला असेल तर विषय वेगळा: रेल्वे कायद्याच्या कलम १६० मध्ये बंद फाटक उघडणाऱ्याला तीन आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

मग कागद. इंटरलॉक्ड नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर फोन करून गाडीची सूचना देतो, गेटमन फाटक बंद करून कुलूप लावतो आणि मगच प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक बंद असल्याची खूण म्हणून सांगायचा आकडा, देतो. हे आकडे ठरलेल्या कागदावरून क्रमाने द्यायचे असतात, वापरलेला खोडायचा असतो. तो नंबर मिळाल्यावरच सिग्नल द्यायचा. म्हणजे एकच गोष्ट स्टेशनच्या रजिस्टरात, फाटकाच्या रजिस्टरात आणि नंबरांच्या कागदावर अशी तीन ठिकाणी उमटते. तिन्ही मागा. नंबर जुळला नाही, मधला एखादा सुटला किंवा पुढचा आधी वापरला गेला, तर कोणीतरी नंतर लिहिले आहे. नंबर दिला आणि तरीही फाटक उघडे, तर चूक गेटमनची. नंबर न घेताच सिग्नल दिला, तर स्टेशन मास्तरची. दोन्ही प्रसंगी पैसे रेल्वेच देणार, पण रेल्वे कर्मचाऱ्याने लोकांचा जीव धोक्यात घालण्याबद्दलच्या रेल्वे कायद्याच्या कलम १७५ खाली फौजदारी कोणावर, हे इथे ठरते. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली, ते फाटक याच प्रकारचे होते. त्यानंतर फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे आणि फाटक व स्टेशन यांच्यातील संभाषणाचे रेकॉर्डिंग तपासण्याचे आदेश निघाले. म्हणून आता हे दोन्ही मागायला विसरू नका.

इंटरलॉक्ड फाटकावर बार खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. मग तिथे "फाटक उघडे होते आणि गाडी आली" हे कसे घडते? बहुतेक वकील इथे गेटमनलाच धारेवर धरतात आणि इंजिनाकडे बघतच नाहीत. पिवळ्या चकतीवर काळा इंग्रजी 'जी' असलेला फाटकाचा सिग्नल लाल असला तर लोको पायलटने थांबायचे, शिट्टी द्यायची, दिवसा एक आणि रात्री दोन मिनिटे वाट बघायची, मग अगदी हळू फाटकापर्यंत यायचे. गेटमन हातसिग्नल दाखवत असेल तरच पुढे जायचे, नाहीतर फाटकाअलीकडे उभे राहायचे. लोको पायलट थांबला का, किती सेकंद थांबला, हे इंजिनाच्या वेगनोंदीत असते. सिग्नल लाल होता की हिरवा, हे डेटा लॉगरमध्ये, म्हणजे सिग्नल यंत्रणेच्या हालचाली आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रात, असते. या दोन नोंदींशिवाय इंटरलॉक्ड फाटकाचा खटला लढवू नये.

वेळा जुळवताना एक सापळा आहे. स्टेशनचे घड्याळ, डेटा लॉगर, इंजिन, सीसीटीव्ही आणि ११२ वरचा कॉल यांच्या वेळा एकमेकांशी जुळतीलच असे नाही. त्या एका तक्त्यात जशाच्या तशा मांडल्या की समोरचा वकील "गाडी फाटकावर धडकेनंतर पोचली" असेही सिद्ध करून दाखवेल. वेळा जुळवू नका, अंतरे मोजा. प्रत्येक नोंदीत सापडणारा एक समान क्षण, बहुधा धडक, शून्य धरा आणि मागे जा. ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. सीसीटीव्हीत बार धडकेच्या १५ सेकंद आधी खाली येऊ लागलेला दिसला, तर तेव्हा गाडी जेमतेम सव्वाचारशे मीटरवर होती. मग "फाटक वेळेत बंद केलं होतं" हे उरतच नाही.

रेकॉर्डिंग कायम राहत नाही, त्यावर नवे चढते. म्हणून पहिल्या आठवड्यातच विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना पत्र द्या, प्रत्येक नोंद नावाने लिहा, जपून ठेवण्याची मागणी करा आणि पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण नुसत्या त्यावर बसू नका; तिथे ३० दिवस जातात. पोच असूनही नोंद हजर झाली नाही, तर प्रतिकूल अनुमान काढण्याची, म्हणजे ती नोंद रेल्वेच्या विरुद्धच होती असे धरण्याची, मागणी करता येते. पोच नसेल तर "नोंद उपलब्ध नाही" या उत्तरावर गप्प बसावे लागते.

लोको पायलट

"ब्रेक का नाही मारला?" हा प्रश्न सोडून द्या. भरधाव एक्स्प्रेस काही शे मीटरांत थांबत नाही. विचारायचे ते शिट्टीबद्दल. जिथे 'सी/फा' (फाटकासाठी शिट्टी द्या) पाटी असते तिथे ती फाटकाच्या ६०० मीटर आधी असते आणि तिथून फाटक पार होईपर्यंत शिट्टी वाजली पाहिजे. वाहन रुळावर बंद पडले असेल, तर गेटमनने लाल सिग्नल दाखवला का आणि वेळ मिळत असताना ६०० व १,२०० मीटरवर डिटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटून इशारा देणारे रुळावरचे फटाके, लावले का, हेही बघा.

चौकशी अहवाल

रेल्वेच्या खात्यांतर्गत अहवालात दोष रस्त्यावरच्या माणसाचा लिहिला, म्हणून घाबरू नका. भरपाईचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणावर तो बंधनकारक नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांसमोर दिलेले जबाब रेल्वे कायद्याच्या कलम ११७ मुळे साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाहीत, तेव्हा त्यांवर खटला उभारू नका. गेटमन फौजदारीत सुटला तरी भरपाईचा दावा संपत नाही, कारण तिथे पुराव्याचे माप वेगळे आहे.

दोषाची वाटणी आणि दावा

उघडे फाटक म्हणजे "या, रस्ता मोकळा आहे" असे रेल्वेने सांगणेच, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८७४ मध्ये मांडले. पण रेल्वेचा दिवा दिसत असताना किंवा हॉर्न ऐकू येत असताना चालक पुढे गेला असेल तर त्याच्या हिश्शाचे टक्के कापले जातात. हे टक्के कापायचे ते फक्त चालकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या रकमेतून. मागे बसलेल्या प्रवाशाच्या रकमेतून एक रुपयाही कापायचा नाही. चालकाची चूक प्रवाशाच्या माथी मारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मानवरहित फाटकावरच्या एका अपघातात स्पष्ट केले. प्रवाशाच्या दृष्टीने दोघांची मिळून चूक असेल तर तो पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतो.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत. रेल्वे दावा न्यायाधिकरणात जाऊ नका. ते ट्रेनमधल्या प्रवाशांसाठी आहे. "चूक एकट्या रेल्वेची निघाली तर मोटार न्यायाधिकरणाला अधिकारच नाही" हा बचाव अजूनही ऐकू येतो. १९९७ च्या निकालातला तो भाग सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये भगवती प्रसाद प्रकरणात चुकीचा ठरवला, निकालाची प्रत सोबत ठेवा.

वाहनमालक, विमा कंपनी आणि रेल्वे, तिघांनाही पहिल्याच अर्जात प्रतिवादी करा. रेल्वे म्हणजे भारत सरकार, तर्फे त्या रेल्वेचे महाव्यवस्थापक. कोकण रेल्वेच्या मार्गावर मात्र कोकण रेल्वे महामंडळ. ट्रॅक्टर-ट्रॉलीत वऱ्हाड बसले असेल तर हे जास्तच लागू. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनी नाकारते, मालकाकडे वसुलीसारखे काही नसते, आणि रेल्वेचे नाव अर्जात नसेल तर निकाल जिंकूनही हाती फक्त कागद येतो.