गंजलेल्या गाडीला पत्रा कसा मारायचा (आणि कसा मारू नये)

नाशिकची हवा तशी कोरडी, मुंबईसारखी खारी नाही, त्यामुळे इथंच आयुष्य गेलेली एमएच १५ ची गाडी आणि ठाण्या-मुंबईहून स्वस्तात उचलून आणलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तरी गंज इथंही लागतोच, फक्त कारणं वेगळी. इगतपुरी-घोटी पट्ट्यातल्या गाड्या पावसाळाभर वाळतच नाहीत. निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागवाल्यांच्या ओम्नीत आणि पिकअपमध्ये मागं खताच्या गोण्या आणि मोरचूद पडलेलं असतं, मोरचूद ओलं होऊन उघड्या लोखंडाला लागलं की पत्रा खातं, फ्लोरवर तांबूस थर दिसला तर समजून जा. आणि तिसऱ्या म्हणजे गोदाघाटावर पार्क केलेल्या गाड्या, पूर किती चढला हे ज्यावरून बघतात त्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं त्या दिवशी तिथंच राहिलेल्या. त्यांच्या रनिंग बोर्डात, म्हणजे दरवाजाखालच्या लांब पोकळ पट्टीत, गाळ जाऊन बसतो, वरून कितीही धुवा तो निघत नाही, ओल धरून ठेवतो आणि आतून पत्रा सडवतो.

खाली जे लिहितोय ते मारुती ८०० डोळ्यासमोर ठेवून, कारण प्रॉडक्शन २०१४ ला बंद झालं तरी गल्लीत अजून ती दिसते आणि फेंडर, रनिंग बोर्डचे डुप्लिकेट पत्रे शोधले की मिळतात. पद्मिनी, अँबेसेडरला पण पद्धत हीच. जुन्या जीपचं वेगळं, तिला खाली स्वतंत्र चॅसिस असते म्हणून बॉडीचा पत्रा गेला तरी भागतं. ८०० ला चॅसिस नावाची वेगळी वस्तूच नाही, पत्रा हीच चॅसिस, त्यामुळे रनिंग बोर्ड सडला की गाडीची ताकद गेली, नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

मिस्त्रीकडं गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं, "शेठ कशाला खर्चात पडता, वरून पत्रा मारतो, लांबी भरतो, कळणार पण नाही." लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. आणि खरंच कळत नाही, एक पावसाळा जाईपर्यंत. होतं काय की लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणजे लांबीखाली तो फुगत राहतो आणि वरचा रंग फोडतो, त्यात लांबी स्वतः पाणी शोषते, आणि सडक्या पत्र्यावर मारलेला नवा पत्रा तर दोन थरांच्या मधे ओल कोंडून ठेवतो, म्हणजे गंजाला आपणच आयती जागा करून दिली. म्हणून या सगळ्या कामातली मुख्य गोष्ट वेल्डिंग नाहीच, सडका भाग कापत कापत चांगल्या पत्र्यापर्यंत जाणं ही आहे. वेल्डिंग महिनाभर हात बसवला की जमतं, कापायची हिंमत मात्र होत नाही लोकांची.

आधी गंज शोधा. सीट काढा, कार्पेट काढा, खाली डांबरी शीट चिकटवलेली असते ती पण खरवडून काढा, अर्धा गंज तिच्याखालीच सापडतो. मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीनं ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो आणि सडलेला बद्द. बद्द वाजला तिथं टोकानं जोर लावा, आरपार गेलं तर मार्करनं गोल करा. ८०० ला बघायच्या जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोर, दोन्ही रनिंग बोर्ड आणि जॅक लावायची जागा, मागच्या चाकाच्या वरची कमान, दरवाजाची खालची घडी, काचेच्या रबराखालची कड आणि बॅटरीचा ट्रे. ट्रेवर अॅसिड सांडलेलं असतं, तिथं काहीही करायच्या आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून घ्या. रंगाला नखाएवढा फोड आलेला दिसला तर आत तळहाताएवढा गंज धरून चाला. आणि शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग, सस्पेन्शनचे पॉइंट किंवा सीटबेल्ट जिथं बोल्ट होतो तिथं पत्रा सडला असेल तर ते घरी शिकत शिकत करायचं काम नाही, चांगला हात असलेल्या माणसाकडंच द्या, आणि तो रिव्हेट किंवा फायबर लावून देतो म्हणाला तर तिथून निघा.

आता आगीचं. बॅटरी काढूनच ठेवा, नुसती मायनस वायर सोडून भागवू नका. पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप फ्लोरच्या खालूनच जातात, जिथं वेल्ड करणार तिथले मोकळे करून बाजूला घ्या, टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवा. एलपीजी-सीएनजी किट असेल तर सिलिंडर किटवाल्याकडून काढून आणल्याशिवाय ग्राइंडरला हातच लावू नका. सीटचा फोम, रूफचं कापड, वायरिंगची टेप हे सगळं ठिणगीनं लगेच पेटत नाही, धुमसत राहतं आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेट घेतं, म्हणून वेल्डच्या शेवटच्या टाक्यानंतर तासभर गाडी सोडून जायचं नाही, शेजारी पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर दोन्ही पाहिजे. अंगात सुती कपडे, पायात बूट, डोळ्यावर १० नंबरची काच, ग्राइंडिंगला साधा पारदर्शक गॉगल. ब्रेक क्लीनरनं पत्रा पुसून लगेच वेल्ड करायची सवय असेल तर मोडा, त्यातल्या काही स्प्रेंमध्ये क्लोरीनवालं केमिकल असतं आणि आर्कमध्ये त्याचा विषारी गॅस होतो. थिनरनं पुसा, पूर्ण वाळू द्या, बाटली लांब ठेवा.

रनिंग बोर्ड कापणार असाल तर गाडी आधी स्टँडवर घ्या, पण वजन चाकांच्या सस्पेन्शनच्या जागी आलं पाहिजे, मधे टेकू दिला आणि बोर्ड कापला की गाडी वाकते. दरवाजाच्या चौकटीत लोखंडी पाइप किंवा अँगल आडवा तिरपा टाके मारून बसवा, दरवाजाची फट वर-खाली किती आहे ते मोजून लिहून ठेवा. एकावेळी एकच बाजू. दोन्हीकडचे बोर्ड एकदम कापले आणि नंतर दरवाजे लागेनात अशा गाड्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभ्या दिसतात, त्यांचं पुढं काहीच होत नाही.

कापताना १ मिमीचं पातळ कटिंग व्हील लावा. मार्करच्या गोलाच्या बाहेर जा, कड चकचकीत होईपर्यंत तारेचा ब्रश मारा, काळे खड्डे दिसले तर अजून कापा, चांगला पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही. भोकाचे कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यात उष्णता साठते आणि पुढं तडा तिथूनच जातो. आतला पत्रा पण सडला असेल तर आधी तो, मग बाहेरचा. जिथं कापणं शक्यच नाही, उदाहरणार्थ दोन पत्र्यांच्या घडीत थोडा वरवरचा गंज, तिथं फॉस्फरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर चालतं, पण ते आरपार भोक पडलेल्या पत्र्याला जीवदान देत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

पत्रा कुठला? सीआरसी (कोल्ड रोल्ड, म्हणजे साधा गुळगुळीत लोखंडी पत्रा), २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी. बाहेरच्या पॅनलला २२ गेज पण चालतो. सातपूर-अंबडला फॅब्रिकेशनवाल्यांकडं कटपीस पडलेले असतात, किलोवर मागितले तर देतात, आणि सरळ घडी पाहिजे असेल तर त्यांच्या बेंडिंग मशीनवर मारून घ्या, घरी हातोडीनं मारलेली घडी कधीच सरळ येत नाही. जीआय म्हणजे झिंकचा थर दिलेला पत्रा लवकर गंजत नाही म्हणून तोच वापरायचा मोह होतो, पण त्यावरचं झिंक जळून जो पांढरा धूर निघतो त्यानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. वापरायचाच तर वेल्डच्या कडेचं झिंक आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, भोकावर धरून बसवा, मग तो पत्र्यावर आखा. पुठ्ठा नीट बसला नाही तर पत्रा पण बसणार नाही, इथं घाई करू नका.

मशीनचं बोलू. साधं आर्क मशीन आणि रॉड या पत्र्याला नको, भोकं पडतील. गॅस वेल्डिंगवाले जुने मिस्त्री पितळ लावून सुंदर काम करायचे, पण त्यात पत्रा लांबपर्यंत तापतो, वाकतो, आणि फ्लक्स नीट धुतला नाही तर त्याच्याखाली परत गंज. आपल्यासाठी मिग म्हणजे ज्याला सगळे सीओटू म्हणतात तेच, सिंगल फेजवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मशीन पुरतं. वायर ०.८, मिळाली तर ०.६ अजून बरी. नुसत्या सीओटूपेक्षा आर्गॉन मिक्स गॅस पातळ पत्र्याला सोपा जातो, ठिणग्या कमी उडतात, मिनिटाला ८-१० लिटरचा फ्लो ठेवा. गॅसवर साधी वायर असेल तर टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची बंदूक) प्लसला आणि बिनगॅसची फ्लक्सवाली वायर असेल तर टॉर्च मायनसला, हे उलटं करून मशीनलाच शिव्या घालणारे बरेच भेटतात. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ, घासलेल्या पत्र्यावर. पंखा बंद, वाऱ्यानं गॅस उडतो आणि टाक्यात बारीक भोकं राहतात. सेटिंग कुणाचं ऐकून करू नका, त्याच जाडीच्या कटपीसवर करंट आणि वायरचा स्पीड जुळवत बसा, गरम तेलात भजी सोडल्यावर येतो तसा सलग आवाज आला की जमलं, फटफट आवाज येत असेल तर वायर जास्त वेगानं येतेय. कटपीस उलटा करून बघा, मागं पण वितळून छोटा उंचवटा आलाय का, नसेल तर तो टाका वरवरचा आहे.

आता खरं काम. तुकडा भोकात बसवा, चारही बाजूंनी वायरच्या जाडीएवढी, जास्तीत जास्त १ मिमी फट राहू द्या. चुंबक लावून धरा आणि पहिला टाका एका कडेच्या मध्यावर मारा, सेकंदभर ट्रिगर, सोडा. दुसरा बरोबर समोरच्या कडेला. मग उरलेल्या दोन कडा. आता हातानं चाचपून बघा, पत्रा एका पातळीत आहे का, नसेल तर हातोडी आणि मागून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून बसवा कारण नंतर नाही बसणार. मग दर अडीच-तीन सेंटिमीटरवर टाके, पण ओळीनं नाही, एक इथं एक तिकडं, आणि मधे थांबायचं, टाक्यावर हात ठेवता आला पाहिजे इतकं गार होऊ द्यायचं. मग मधल्या जागा भरत जायच्या, परत तसंच उड्या मारत. सलग रेघ ओढली की पत्र्याला पोक आलंच, आणि बॉनेट किंवा दरवाजासारख्या सपाट पॅनलला ते पोक काढणं हे वेल्डिंगपेक्षा अवघड. ओलं फडकं लावून गार करण्याची पद्धत बघितली असेल, त्या भानगडीत पडू नका, चहा घ्या. भोक पडलं तर घाबरू नका, एसीचा तांब्याचा पाइप ठोकून चपटा करा, मागून धरा, वेल्ड तांब्याला चिकटत नाही, भोक भरून येतं.

जिथं कंपनीनं स्पॉट वेल्ड केलेलं असतं, म्हणजे फ्लोरची कड किंवा रनिंग बोर्डची खालची पट्टी, तिथं वरच्या पत्र्याला ६-७ मिमीची भोकं पाडा, दोन्ही पत्रे शिकंज्यानं घट्ट धरा आणि भोकातून खालच्या पत्र्यावर आर्क सुरू करून भोक भरून टाका. जितके स्पॉट कंपनीचे होते तितके तरी पाहिजेत. पत्रे एकमेकांवर चढणार तिथं मधे वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा) मारायला विसरू नका, नंतर तिथं ब्रश पोचत नाही.

ग्राइंडिंग फ्लॅप डिस्कनं, फक्त टाक्याचा उंचवटा घासायचा, शेजारचा पत्रा पातळ करायचा नाही, आणि एकाच जागी दाबून निळा करायचा नाही. मागून विजेरी लावून अंधारात बघा, उजेड आला तिथं अजून एक टाका. मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, उद्यावर टाकू नका, उघडा पत्रा रात्रीतून रंग बदलतो. प्रायमरवर सांध्यांना सीम सीलर (फटी बंद करणारा रबरी लेप), मग लागेल तिथं पुट्टीचा हलका हात, ती पण भोक भरायला नाही तर घासल्याच्या खुणा झाकायला. मग सरफेसर, रंग, हे नेहमीचंच आहे, पेंटरला देऊन टाका.

सीझन मात्र बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर अजूनच, तेव्हा इपॉक्सी आणि पुट्टी वाळता वाळत नाही. जूननंतर हवेत ओल. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंतचं काम सगळ्यात टिकतं. रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवर त्याची नोंद लागते, आणि चॅसिस नंबर ज्या पत्र्यावर ठोकलाय त्याला ग्राइंडर, पुट्टी काही लावू नका, पंधरा वर्षांनंतर पेठ रोडला आरटीओत रिन्यूला गेलात की पहिलं तेच बघतात.

शेवटी आतली बाजू, जी सगळे विसरतात. वेल्डच्या मागचा रंग जळून गेलेला असतो, म्हणजे बोर्डाच्या पोकळीत आता उघडं लोखंड आहे. लांब नळीच्या स्प्रेनं त्यात कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारा, दरवाजांच्या आत पण. जुनं इंजिन ऑइल मारायचा सल्ला देतील, नको, रबरं फुगतात. वॅक्सच्या आधी आणि नंतर खालची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करा, त्यात सीलर गेला असेल तर सगळी मेहनत पाण्यात. वॅक्स पुढचे दोन-तीन दिवस त्याच भोकांतून ठिबकत राहतं, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, नाहीतर सेक्रेटरी काका फरशीचे फोटो ग्रुपवर टाकतील.